वास नाहीसा होतो तेव्हा

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, एवढं शाळेतलं रसायनशास्त्र बहुतेकांच्या लक्षात राहतं. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला, तरी नाकाला तो कळतो. पण प्रमाण शंभर भागांच्या पुढे गेलं की काही मिनिटांत घ्राणेंद्रियच बधिर होतं. वायू तिथेच असतो, वास मात्र गेलेला असतो. गटारात उतरलेल्या माणसाला वाटतं, हवा मोकळी झाली.

इटलीतल्या मोदेना शहरात वैद्यकी करणाऱ्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. मैला उपसणाऱ्यांचे डोळे चुरचुरून लाल होतात आणि त्यांच्या खिशातली चांदीची नाणी काळी पडतात, हे त्याने टिपून ठेवलं. या वायूची रासायनिक ओळख तेव्हा कुणालाच नव्हती. नाक फसलं तरी चांदी फसत नव्हती. तिच्यावर सल्फाइडचा काळा थर चढतच होता.

हवेपेक्षा हा वायू साधारण एक पंचमांशाने जड, म्हणून तळाशी साचतो. शिवाय पाण्यात विरघळतो, गाळात अडकून राहतो. फावड्याने गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो. झाकण उघडून अर्धा तास थांबलो, आता धोका नाही, हा हिशेब तिथे चुकतो. आत शिरलेला वायू पेशींमधलं श्वसनाचं विकर अडवतो: रक्तात प्राणवायू असूनही पेशीला तो वापरता येत नाही. आणि हाच वायू आपलं शरीर स्वतःही अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार करतं, रक्तवाहिन्या सैल ठेवायला त्याची मदत होते. या गोष्टीपाशी मी नेहमी थबकतो.

प्रमाण हजारावर गेलं की एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला ओढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. सोबत्याला सोडून न जाण्याची माणुसकीच इथे जीव घेते.

भारतात 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर बंदी आणली. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाख रुपये ठरवली, 2023 मध्ये तीस लाख केली. तरीही ‘गॅसमुळे गुदमरून मृत्यू’ असा मथळा छापून येतोच. त्यात दोष गॅसच्या माथी जातो, हे मला पटत नाही. गॅसचे गुणधर्म बदललेले नाहीत. यंत्राने काम होत असेल तर माणूस उतरवूच नये. उतरवावाच लागला, तर गॅस मोजणारं यंत्र आधी दोरीने तळापर्यंत सोडावं, ब्लोअर सतत चालू ठेवावा, तोंडाशी तिकाटणं रोवावं. उतरणाऱ्याच्या अंगात वर बांधलेला पट्टा असला, तर त्याला काढायला दुसऱ्या कुणाला आत जावं लागत नाही.