नगरपित्यांचे औदार्य

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारास आपल्या भाषेने एका म्हणीत कायमचे हास्यास्पद करून ठेवले आहे. दुसऱ्याच्या धनाचे दान करण्यात औदार्य नाही, हे एकट्यादुकट्याच्या बाबतीत आपणांस तत्काळ पटते. परंतु दाता नगरसंस्था असेल आणि दान एखाद्या उद्योगास करमाफीच्या रूपाने दिलेले असेल, तर त्याच कृत्यास आपण दूरदृष्टी म्हणतो. हा भेद कितपत खरा, याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

करमाफीची मोहिनी अशी की, तीत कोणाच्या हातून काही जाताना दिसत नाही. तिजोरीतून एक कोटी रुपये काढून कारखानदाराच्या हाती ठेवावयाचे झाल्यास सभेत वाद होईल, अंदाजपत्रकात आकडा पडेल. तेच एक कोटी येणे असता घेतले नाहीत, तर कोणाच्या डोळ्यांवर ते येत नाही. रस्त्यांचा, पाण्याचा, शाळांचा खर्च मात्र त्यामुळे उणा होत नाही. एकाने न भरलेले इतरांस भरावे लागते, किंवा तेवढ्या सोयींस मुकावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, उद्योग आलाच नाही तर कर तरी कोठला? शून्यापेक्षा पंचमांश बरा. हा आक्षेप पोकळ नाही. उतरणीस लागलेल्या गावास तो फारच खरा वाटतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन हे असेच एक लहान बंदर. १९९८ साली फायझर या औषधांच्या कंपनीने तेथे संशोधनकेंद्र बांधण्याचे जाहीर केले व तीस दहा वर्षे मालमत्ताकराचा पंचमांशच भरण्याची सवलत मिळाली. शेजारच्या फोर्ट ट्रंबुल वस्तीतील सुमारे ९० एकर भूमीची नव्याने उभारणी करण्याचे काम नगराने एका विकासमंडळाकडे सोपविले. मंडळाच्या अध्यक्षा तेथील एका महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या. त्यांचे पती त्याच कंपनीत नोकरीस होते. सुझेट कीलो आदी काही रहिवाशांनी घरे सोडण्याचे नाकारून न्यायालयात धाव घेतली. २३ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नगराच्या बाजूने निकाल दिला. योजना एखाद्या विशिष्ट खाजगी पक्षाच्या लाभासाठी रचली होती, असे न्यायालयास आढळले नाही. पुढे २००९ साली, सवलतीचा काळ सरत आला असता, कंपनीने तेथून जाण्याचे जाहीर केले. मोकळी केलेली भूमी त्यानंतरही कित्येक वर्षे ओसाड पडून राहिली.

या कथेत लाच घेणारा कोणी सापडला नाही, आणि म्हणूनच ती विचारार्ह आहे. लाचेस कायदा आहे, सलगीस नाही. ज्यांच्या पंक्तीस आपण नित्य बसतो त्यांची अडचण आपणांस सबंध गावाची अडचण वाटू लागते, आणि ज्यांचे तोंडही पाहिले नाही त्यांचे घर नकाशावरील एक चौकोन होऊन बसते. सलगीने प्रथम बिघडते ती नियत नव्हे, दृष्टी. लाच घेणारास आपण चुकतो आहो हे ठाऊक असते. स्नेहाने आंधळा झालेला अधिकारी आपण लोकहितच साधतो आहो अशा समाधानात असतो.

मित्रांमध्ये न्यायाची गरज उरत नाही, अशा आशयाचे ॲरिस्टॉटलचे एक मत प्रसिद्ध आहे. ते मित्रांच्या आपसांतील व्यवहारापुरते यथार्थ आहे. परंतु ज्याच्या हाती तिऱ्हाइतांचे धन आहे, त्याने मित्राशी मित्र म्हणून वागणे हाच त्या तिऱ्हाइतांवर अन्याय होय. तेथे न्यायाची गरज संपत नाही; दुप्पट होते.

मग सवलत देऊच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. आमची कसोटी एकच : ही सवलत अनोळखी माणसास हक्काने मागता येते काय? पुणे महानगरपालिकेत मालक स्वतः राहत असलेल्या घरास कराच्या आकारणीत ४० टक्क्यांची सवलत पूर्वीपासून होती. मध्यंतरी ती बंद झाली व २०२३ साली पुन्हा मिळू लागली. ती योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकेल; परंतु अट पुरी करणारा कोणीही, कोणाची ओळख नसता, अर्ज करून ती मागू शकतो. याउलट जी सवलत बंद दाराआड एकाच नावासाठी ठरते, ती नियम नव्हे, भेट होय. अमेरिकेतील सरकारी हिशेबाचे नियम ठरविणाऱ्या मंडळाने २०१५ साली अशा करमाफीचे आकडे वार्षिक हिशेबात उघड करण्याचा दंडक घातला. उशिराचे का होईना, पण हे शहाणपण खरे. कारण जे दिसते त्याचाच जाब विचारता येतो.

मात्र जाब विचारणारे आपण कोण, हेही पाहिले पाहिजे. कचेरीची पायरी चढण्यापूर्वी 'आत आपले कोणी आहे काय?' असे विचारणारा सुशिक्षित गृहस्थ, आणि सभागृहात स्नेह्यास करमाफी देणारा नगरपिता, यांच्यात रकमेचे अंतर मोठे आहे. वृत्तीचे फारसे नाही. ओळखीने दाखला चार दिवस आधी मिळविणारास, त्या चार दिवसांसाठी रांगेत मागे सरलेला मनुष्य दिसत नाही. आधी तो दिसू लागला पाहिजे. मग नगराच्या वहीतील न लिहिलेली ओळही आपणांस वाचता येईल.