वृद्धाश्रमात जाताना काय न्यावे?



नाताळ जवळ आला की आपण वृद्धाश्रमाला भेट देतो. फळे, केक, शाली नेतो, गीते म्हणतो आणि तासाभराने समाधानाने घरी परततो. यात वाईट काही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेवर बसलेल्या आजोबांचे काय होते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

वृद्धांच्या नैराश्याकडे आपण बहुधा दोन प्रकारे पाहतो. कोणी म्हणतात, "वयच झाले, असे व्हायचेच." कोणी म्हणतात, "विश्वास कमी पडला, प्रार्थना करा." ही दोन्ही मते चुकीची आहेत. २०१७-१८ साली झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील शंभरांतील सुमारे आठ जणांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली. डॉक्टरांकडून तसे निदान झाल्याचे सांगणारे मात्र शंभरांत एकही भरले नाहीत. म्हणजे बहुतेकांचा आजार कोणी ओळखलेलाच नाही. झोप उडणे, जेवण नकोसे होणे, कशातच मन न लागणे, मरणाची भाषा करणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या जवळच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि विश्वासाचे म्हणाल, तर एलिया संदेष्ट्याने झुडुपाखाली बसून मरण मागितले होते. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले. त्याचे ऐकून घेतले आणि मग पुढचे काम सोपवले.

हे 'काम सोपवणे' महत्त्वाचे आहे. वृद्धाश्रमात माणसांची वाण नसते. एका खोलीत चार-सहा जण असतात, तरी एकटेपणा असतो. कारण एकटेपणा म्हणजे केवळ माणसे नसणे नव्हे. 'माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही' ही भावना म्हणजे एकटेपणा. अमेरिकेत लँगर व रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला कुंडीतले रोप दिले आणि त्याची काळजी तुम्हीच घ्यायची, असे सांगितले. दुसऱ्या गटालाही रोप दिले, पण पाणी परिचारिका घालतील, असे सांगितले. पहिल्या गटाला इतर बारीकसारीक निर्णयही स्वतः घेऊ दिले. काही आठवड्यांतच तो गट अधिक उत्साही दिसू लागला. प्रयोग लहान होता, पण मुद्दा आपल्या अनुभवाचा आहे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. कुष्ठरोगाने गांजलेले परचुरे शास्त्री १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना कुटी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. ती कुटी आजही तेथे आहे. ही सेवा सर्वांना ठाऊक आहे. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित होते आणि आश्रमात ते संस्कृत शिकवीत. ज्यांना लोक दूर लोटत होते, त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसणारे कोणी होते. त्यांच्या जखमा धुतल्या गेल्या तशीच त्यांची विद्याही मागितली गेली.

येथे एक शंका येते. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरवायचे काय? मग ज्या आजींना आपले नावही आठवत नाही, ज्या अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचे काय? शंका रास्त आहे. परंतु उपयोगी पडणे आणि हवे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विळा उपयोगी असतो. मोडला की आपण दुसरा आणतो. मित्राच्या जागी दुसरा आणता येत नाही. ज्याला देता येते त्याच्याकडून मागावे, कारण मागणे हा त्याचा मान आहे. ज्याला काहीच देता येत नाही त्याच्याजवळ नुसते बसावे, कारण तो आपला आहे. दोन्ही ठिकाणी आपण एकच गोष्ट सांगत असतो : तुमच्या जागी दुसरे कोणी चालणार नाही.

आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवणाऱ्या प्रत्येक मुलाला दोष देण्याची घाई करू नये. घराघरांतल्या अडचणी देव जाणतो. मात्र पैसे भरले की कर्तव्य संपले, असेही होत नाही. सेवा विकत घेता येते, सोबत घेता येत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. वीस जणांनी वर्षातून एकदा जाण्यापेक्षा एकाने एकाच व्यक्तीकडे दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी जावे. जाण्याचे वचन दिले तर ते पाळावे. वाट पाहायला लावून न जाणे हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट. आणि जाताना फळांबरोबर एखादा प्रश्नही न्यावा : लोणचे कसे मुरवायचे, कपाशीवर कीड पडली की पूर्वी काय करीत, रुसलेल्या मुलाला कसे समजवायचे. उत्तर नीट ऐकावे, तसे करून पाहावे आणि पुढच्या खेपेला काय झाले ते सांगावे.

म्हणजे मधले चौदा दिवस त्या खाटेवरच्या माणसाला वाट पाहण्यासारखे काही राहील.