रोज मरे त्याला कोण रडे?

म्हणींना आपण शहाणपणाच्या ठेवी मानतों; परंतु कांहीं म्हणींत शहाणपणापेक्षां कबुलीच अधिक असते. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण अशांपैकींच एक होय. मरणाऱ्यानें रोज मरूं नये असा उपदेश ती करीत नाहीं, किंवा इतरांनीं रोज रडावें असेंहि सांगत नाहीं. माणसाच्या करुणेचा सांठा मोजका असतो आणि तो लवकर सरतो, एवढी गोष्ट निर्विकारपणें सांगून ती मोकळी होते.

घरांत कोणाला विषमज्वर झाला तर सारें घर त्या खाटेभोंवतीं गोळा होतें. शेजाऱ्यांकडून डबे येतात, पाळ्या लावून जागरणें होतात, आणि ताप उतरला म्हणजे सत्यनारायणहि होतो. दुखण्याला आरंभ असावा, ऐन भर असावा आणि शेवट असावा, अशी आपली अपेक्षा असते. पण जें दुखणें मारीतहि नाहीं आणि सोडीतहि नाहीं, त्याच्या वांट्याला यांतलें कांहींच येत नाहीं. पहिल्या महिन्यांत ‘कसें आहे?’ असें विचारणारा सहाव्या महिन्यांत ‘अजून आहेच का?’ असें विचारतो, आणि तिसऱ्या वर्षीं विचारीतच नाहीं. पुढें पुढें तर रोगी सांगूं लागला कीं ऐकणाऱ्याच्या मनांत दयेऐवजीं संशय उभा राहतो. येथें एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो केवळ वैद्यकाचा नसून नीतीचा आहे. दुसऱ्याचें न दिसणारें दुखणें आपणांस कळूं शकतें काय? आणि कळत नसेल, तर त्याच्याशीं आपण कसें वागावें?

हा प्रश्न मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. मी थोरल्या भावाच्या घरीं राहतों. आमच्या वहिनींना गेलीं अकरा वर्षें आमवात आहे. आजचे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याच्याशीं पुष्कळ अंशीं जुळणारा हा रोग जुन्या वैद्यांनाहि ठाऊक होता. ‘माधवनिदाना’त त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. शरीराचें रक्षण करणारी शक्तीच या रोगांत सांध्यांच्या आंतल्या अस्तरावर उलटते. सांधे सुजतात, आणि वेळीं उपचार न झाल्यास हाडें झिजून बोटें वांकडीं होतात. पुरुषांपेक्षां स्त्रियांना तो दुपटी-तिपटीनें अधिक होतो. १९४८ सालीं अमेरिकेंत फिलिप हेंच यांनीं या रोगावर प्रथम कॉर्टिसोन वापरलें आणि अंथरुणाला खिळलेले रोगी चालूं लागले. त्याबद्दल १९५० सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. त्या औषधाचे दुष्परिणामहि लवकरच दिसून आले. आज आठवड्यांतून एकदां घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांनीं रोग पुष्कळसा आटोक्यांत ठेवतां येतो. पण आटोक्यांत येणें म्हणजे बरें होणें नव्हे, आणि हा भेद घरच्या माणसांना समजावून सांगणें हेंच रोग्याचें अर्धें आयुष्य होऊन बसतें.

या रोगाचा एक विलक्षण स्वभाव असा कीं, तो रोग्याविरुद्ध स्वतःच साक्ष देतो. थकलेल्या माणसाला विश्रांतीनें बरें वाटतें, हा आपला रोजचा अनुभव. येथें रात्रभर झोंप घेतल्यावर सकाळीं सांधे अधिकच आंखडतात, आणि तासभर किंवा त्याहून अधिक वेळ हातपाय हलविल्यावर कोठें थोडे सुटतात. म्हणजे जी बाई दहा वाजतां पोळ्या लाटतांना दिसते, ती सहा वाजतां पेला उचलूं शकत नव्हती, हें खरें कसें वाटावें? एक दिवस बरा जातो, दुसरा जात नाहीं, आणि त्याला कारण सांपडत नाहीं. पुष्कळांच्या रक्ताच्या तपासणींत या रोगाची नेहमींची खूण मिळत नाहीं. आरंभीं क्ष-किरणांच्या चित्रांतहि कांहीं दिसत नाहीं. आणि या सर्वांवर एक असा थकवा असतो कीं ज्याला थकवा हा शब्दच अपुरा आहे. कारण तो शब्द उच्चारतांच ऐकणारा म्हणतो, ‘अहो, थकतों तर आम्हीहि.’

मीहि असेंच म्हणत असें. एकदां घराण्यांतल्या एका लग्नांत वहिनी दिवसभर मांडवांत वावरल्या आणि दुसऱ्या दिवशीं पडून राहिल्या. मी थट्टेनें म्हणालों, “वहिनी, काल तर मांडवभर हिंडत होतां! आजच बरें दुखणें आलें?” त्या नुसत्या हंसल्या आणि म्हणाल्या, “खरें आहे, भावजी.” त्या दोन शब्दांत मला माझा विजय दिसला. कालचें हिंडणें आजच्या पडून राहण्याची उचल होती, हें माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं. पुढें एके दिवशीं पहाटेची गाडी गांठण्यासाठीं मी साडेचारला उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा लागलेला. वहिनी पाटावर बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात मनगटांपर्यंत ऊन पाण्याच्या पातेल्यांत बुडालेले होते. शेजारीं चहाच्या पुडीची बरणी होती. तिच्या झांकणाला फडकें गुंडाळलेलें होतें, आणि तरीहि तें उघडलें नव्हतें. मला पाहून त्या ओशाळल्या. “आवाज झाला का?” एवढेंच त्यांनीं विचारलें. सात वाजतां घरांतल्या माणसांना आपले हात चालतांना दिसावेत, म्हणून त्या कित्येक वर्षें साडेचारला उठत होत्या. ज्याला मी त्यांची प्रकृति समजत होतों, तें त्यांचें पहाटेचें काम होतें.

त्या पहाटे मला त्यांची वेदना कळली काय? मुळींच नाहीं. मीं पाहिलें तें पातेलें आणि झांकण. वेदना मला दिसली नाहीं. मग माझ्यांत फरक कशानें पडला, याचा विचार करूं लागलों तेव्हां आपल्या न्यायशास्त्राची आठवण झाली. ज्ञानाचीं साधनें नैयायिकांनीं चार सांगितलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याच्या वेदनेच्या बाबतींत प्रत्यक्ष अशक्यच आहे. अनुमान लंगडें पडतें, कारण सूज, ताप, रडणें हीं लिंगें कधीं असतात, कधीं नसतात. उपमान तर घातकच ठरतें. ‘माझीहि कंबर दुखली होती, मी नाहीं का उठलों?’ हें सारें उपमानच होय. उरला शब्द, म्हणजे आप्ताचें वचन. आणि आप्त कोण? वात्स्यायनानें आपल्या भाष्यांत सांगितलें आहे कीं, ज्याला एखादी वस्तु साक्षात् कळली आहे आणि जशी कळली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषि असो, आर्य असो कीं म्लेंच्छ असो. या व्याख्येनें पाहिलें तर स्वतःच्या दुखण्याविषयीं रोग्याहून मोठा आप्त कोण असणार? चरकानेंहि रोगपरीक्षा सांगतांना म्हटलें आहे कीं, रोग्याच्या तोंडाची चव कशी झाली आहे हें वैद्यानें रोग्याला विचारूनच जाणावें. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७९ सालीं केलेली वेदनेची व्याख्या २०२० सालीं सुधारली, तेव्हां तिला जोडलेल्या टिपांत, वेदना होते असें सांगणाऱ्याच्या सांगण्याचा आदर झाला पाहिजे, हें स्पष्टपणें नमूद केलें. इतक्या अंतरानें दोघांनाहि रोग्याच्या शब्दाशींच यावें लागलें, कारण दुसरी वाट नाहीं.

मराठींत मात्र आप्त या शब्दाचा अर्थ पालटला आहे. आपण आप्त म्हणतों तो नातेवाइकांना. ज्याचा शब्द मानावा तो आप्त, हा मूळ अर्थ. आणि ज्यांनीं शब्द मानावा अशी अपेक्षा असते ते आप्त, हा आपला अर्थ. दुर्धर दुखण्याच्या घरांत या दोन अर्थांची गांठ पडते, आणि बहुधा तेथेंच ती सुटते.

यावर कोणी म्हणेल, जगांत ढोंगी नाहींत काय? जो तो म्हणेल तें मानलें तर आळशांचें फावेल. आक्षेप खरा आहे. पण दोन चुकांचीं वजनें तोलून पाहावीं. ढोंग्यावर विश्वास ठेवला तर कांहीं काम अडेल, कांहीं पैसा जाईल. खऱ्यावर अविश्वास दाखविला तर त्याला दुखण्याबरोबर एक खटलाहि चालवावा लागतो, आणि तोहि स्वतःच्या घरांत. शिवाय घरच्या माणसाचा स्वभाव आपणांस नव्यानें का पारखावयाचा असतो? दुधाच्या हिशेबांत वीस वर्षें जिचा शब्द आम्हीं डोळे मिटून मानला, तिचा स्वतःच्या बोटांविषयींचा शब्द तेवढा संशयित कां ठरावा? याचें उत्तर मीं शोधलें तेव्हां तें माझ्याच पदरीं आलें. दुधाचा हिशेब मानण्यांत माझें कांहीं जात नव्हतें. बोटांविषयींचा शब्द मानला असता, तर कणीक कोणी मळावी हा प्रश्न उभा राहिला असता. मला कळत नव्हतें हें अर्धेंच खरें; कळून घेणें मला परवडत नव्हतें.

आम्ही आप्तमंडळी मग दुसरा मार्ग धरतों: उपाय सुचवितों. निर्गुडीचें तेल, मेथीचे लाडू, तांब्याचें कडें, हवापालट. या सूचनांमागें प्रेम नसतें असें नाहीं. पण उपाय करूनहि बरें वाटलें नाहीं तर तो दोष रोग्याच्या माथीं बसतो. तेंहि थकलें म्हणजे थोरांचे दाखले निघतात. फ्रान्सचा चित्रकार रेन्वार याला हाच रोग होता. बोटें पार आंखडून गेलीं तरी १९१९ सालीं मरण येईपर्यंत त्यानें चित्रें काढणें सोडलें नाहीं. ही गोष्ट वहिनींना मींच ऐकविली होती. नंतर कळलें कीं, अखेरच्या वर्षांत रेन्वारला कुंचला उचलतां येत नसे. तो दुसऱ्यानें त्याच्या हातांत द्यावा लागे. मी गोष्ट सांगतांना तो दुसरा माणूस वगळला होता.

रोग्याकडेहि कांहीं कर्तव्य येतें काय? येतें. ‘मला कांहीं होत नाहीं’ असें वर्षानुवर्षें म्हणणारा रोगी घरच्यांना अजाण ठेवतो आणि मग त्यांच्या अजाणपणानें दुखावतो. पण हें कर्तव्य त्याला पाळतां यावें, इतकी जागा आधीं आपण करून दिली पाहिजे. ‘आज बरें आहे ना?’ या प्रश्नाला होकाराखेरीज दुसरें उत्तर सभ्यपणें देतांच येत नाहीं. ‘आज काय जमेल?’ असें विचारलें, तर खरें बोलण्यास वाव राहतो.

त्या म्हणीची चूक मला आतां दिसते. रोज रडणें कोणालाहि शक्य नाहीं, हें तिचें म्हणणें खरें आहे. घरच्यांनाहि शीण येतो, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. परंतु रोज मरणाऱ्याला रडणारा हवा असतो, असें ती गृहीत धरते. वहिनींनीं अकरा वर्षांत कोणाकडे अश्रु मागितले नाहींत. त्यांना हवें होतें तें एवढेंच कीं, एकदां सांगितलेली गोष्ट उद्यां पुन्हां सिद्ध करावी लागूं नये.

त्यांची बोटें कशीं दुखतात, हें मला आजहि ठाऊक नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतल्या बरण्यांचीं आणि डब्यांचीं झांकणें सैल करून ठेवण्याचें काम मात्र आतां माझ्याकडे आहे.