किळस आणि नीति

मनुष्याच्या नीतिकल्पना त्याच्या बुद्धींत वसतात असें तत्त्वज्ञ सांगतात. पण आपल्याकडील अनुभव असा, कीं त्यांपैकीं बऱ्याच कल्पना जिभेवर आणि नाकांत वसतात. हुंडा घेणारा, कुळाला नागवणारा, खोटी साक्ष देणारा मनुष्य आपल्या पंक्तीला निःशंकपणें बसतो. परंतु एखाद्याच्या ताटांत अमुक एक पदार्थ असतो असें कळलें, कीं त्या ताटाचा धनी आपल्या मनांतून तत्क्षणीं उतरतो. भक्ष्याभक्ष्यविचार हा जणूं नीतिशास्त्राचा पहिला अध्याय, आणि बहुधा शेवटचाही, असा आपला व्यवहार आहे. म्हणून जें न खाणें हीच ज्याच्या घराची ओळख, तो मनुष्य तेंच पहिल्यानें चुलीवर चढवतो तेव्हां तो पाप करतो, सुधारणा करतो, कीं केवळ स्वयंपाक करतो, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

मजपुढें हा प्रश्न आला तो एका माजी विद्यार्थ्याच्या पत्रामुळें. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानाच्या पट्ट्यांत, सिंदेवाहीच्या बाजूला, या मुलाचें शेतकरी घर आहे; तो स्वतः आज अमेरिकेंतील टेक्सासमध्यें नोकरी करतो. गाईबैलांच्या छातीचा एक मोठा तुकडा, ज्याला तिकडे ब्रिस्केट म्हणतात, तो मंद धुरावर दहा-बारा तास शिजवण्याची त्या मुलखांत फार हौस. एका सुटीला सोबत्यांनीं ती पाळी याच्यावर टाकली. त्यानें लिहिलें, “कृति पाठ झाली आहे, सर, पण हात लावण्यापूर्वीं एकदां विचारावेंसें वाटलें. यांत कांहीं वाईट आहे काय? आणि आईला सांगूं कीं नको?”

या तुकड्याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. बैलाला माणसासारखें हांसळीचें हाड नसतें. त्यामुळें उभ्या जनावराचा अर्ध्याहून अधिक भार छातीच्या याच स्नायूंना पेलावा लागतो. पाठीखालचें जें मांस आयुष्यभर फारसें राबत नाहीं तें मऊ असतें व महाग विकतें. जें राबतें तें चिवट होतें. हा चिवटपणा घाईनें जात नाहीं. मंद आंचेवर तासन्‌तास राहिल्यावर त्यांतील तंतु विरघळून सरसासारखे होतात, आणि मगच तें मांस दांतांना वश होतें. म्हणजे या तुकड्याची कठीणता ही त्या जनावरानें वाहिलेल्या भाराची नोंदच होय. ज्याच्या घरीं पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लागते, त्या मुलाच्या हाताला या तुकड्यापाशीं कंप सुटावा हें मला स्वाभाविक वाटलें.

प्रथम कायद्याचा विचार उरकून घेऊं. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी झाली. १९९५ सालीं विधिमंडळानें केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींची संमति मिळून २०१५ च्या मार्चमध्यें अमलांत आली, आणि बैल व वळू यांनाही तें संरक्षण मिळालें. म्हैस व रेडा त्याबाहेर राहिले. ‘बड्याचें’ म्हणून आतां कायद्यानें विकतां येतें तें त्यांचेंच मांस. २०१६ च्या मे महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें कत्तलीवरील बंदी कायम ठेवली, पण परराज्यांत कापलेल्या जनावराचें मांस जवळ बाळगणें हा गुन्हा ठरवणारें कलम रद्द केलें. आपल्या राज्यांत राहणाऱ्यानें हा कायदा पाळावा हें उघड आहे. पण एकच कृत्य नदीच्या अलीकडे अपराध आणि पलीकडे जेवण ठरत असेल, तर दंड कशाला होतो एवढेंच कायद्यावरून कळतें. बरेंवाईट काय तें कळत नाहीं. टेक्सासमध्यें त्या मुलाला कोणीही पकडणार नव्हतें, आणि तरी त्याला प्रश्न पडलाच होता.

शास्त्राकडे जावें, तर तें दोन्ही पक्षांना साक्ष देतें. पाणिनीनें ‘गोघ्न’ शब्दाची सिद्धि सांगितली आहे, आणि ज्याच्यासाठीं गाय मारली जाते तो अतिथि, असा त्याचा अर्थ टीकाकार करतात. पुढें हीच गोष्ट कलिवर्ज्य ठरली. या दोन टोकांमधील संक्रमण भवभूतीनें उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकांत मोठ्या मौजेनें दाखवलें आहे. हा कवि आपल्याच विदर्भांतील पद्मपूरचा. वाल्मीकीच्या आश्रमांत वसिष्ठ येतात, आणि त्यांच्या मधुपर्कासाठीं एक गरीब कालवड कामास येते. तें पाहून एका बटूला वाटतें, कीं हा ऋषि आला कीं वाघ! दुसरा बटु त्याला धर्मवचनाचा आधार सांगतो. पण त्यानंतर जनक येतो. त्यानें मांस सोडलेलें असतें, म्हणून त्याच्यासाठीं आणलेली कालवड मोकळी सुटते आणि दहीमधावर त्याचा सत्कार होतो. एका आश्रमांत, एका दिवशीं, दोन पूज्य पाहुण्यांस दोन प्रकारचा मधुपर्क! तेव्हां शास्त्राच्या आधारानें या मुलाला धिक्कारतां येत नाहीं, आणि शाबासकीही देतां येत नाहीं.

मग उरते ती किळस. किळस ही खोटी नसते. ज्या वासाची लहानपणापासून संवय नाहीं त्यानें पोटांत ढवळलें, तर त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. पण किळस हें शरीराचें मत आहे, विवेकाचें नव्हे. शिवाय तिच्यांत एक मोठा दोष असा, कीं ती पदार्थावर थांबत नाहीं. ती पदार्थावरून भांड्यावर जाते, भांड्यावरून हातावर, आणि हातावरून माणसावर. आपल्या समाजांत नेमकें हेंच घडलें. गांवचें मेलेलें ढोर ओढून नेण्याचें काम रूढीनें महारांवर लादलें. त्याचें मांस हा त्या कामाच्या मोबदल्याचा भाग. आणि तें मांस खातात म्हणून पुन्हा तेच दूर बसवण्याजोगे! जें हातीं येई तें नासूं नये म्हणून त्याच्या पट्ट्या कापून उन्हांत वाळवावयाच्या, आणि त्या चान्या पुढील दुष्काळी दिवसांना पुरवावयाच्या, ही त्यांची पाकविद्या भुकेनें शिकवलेली होती. शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकांत मराठवाड्यांतील महार-मांगांचें हें अन्न नोंदून ठेवलें, तोंपर्यंत आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांना त्याचा गंधही नव्हता.

१९२७ च्या मार्चमध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं आपल्या बांधवांना मृत जनावरांचें मांस सोडण्यास सांगितलें. तो उपदेश आपल्या किळसेला दिलेला दुजोरा नव्हता; लादलेली लाचारी झुगारून देण्याची ती हांक होती. १९४८ च्या ग्रंथांत तर त्यांनीं अस्पृश्यतेचें मूळच गोमांसाच्या प्रश्नाशीं जोडलें. तो सिद्धांत कोणाला मान्य असो वा नसो, पदार्थाची किळस माणसाची किळस कशी होते याविषयीं त्यांच्या साक्षीहून मोठी साक्ष कोणाची असणार? त्यांनींच १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं तेव्हांच्या चांद्यांत लोकांना बौद्ध धर्माची दीक्षा दिली. त्या लोकांचीं नातवंडें-पतवंडें आज माझ्या वर्गांत बसतात, आणि डब्याचें झांकण उघडण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणारीं मुलें मीं स्वतः पाहिलीं आहेत. त्या डब्यांत बहुधा वांग्याची भाजीच असते. पण किळसेचा धाक असा, कीं डब्यांत काय आहे याचा त्याच्याशीं कांहीं संबंध उरत नाहीं.

याच्या उलट बाजूही पाहावी. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत बड्याचेंच मांस परदेशी नांवानें आणि पांढऱ्या रुमालासह समोर आलें, म्हणजे तें खाणारा रसिक ठरतो. टेक्सासमध्येंही हा छातीचा तुकडा एके काळीं स्वस्तांत जाई. आज त्याच्यासाठीं रांगा लागतात. पदार्थ तोच; खाणाऱ्याची पत बदलली कीं त्याचा कलंक पुसला जातो. हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रांत बसतो?

येथें कोणी म्हणेल, कीं मग सर्वच खाण्यास मोकळीक झाली! तसें नाहीं. किळस हें कारण बाद झालें म्हणून जीव घेण्याचा प्रश्न बाद होत नाहीं. तो गाईइतकाच बकऱ्याचाही आहे, आणि रविवारीं मटणाच्या दुकानापुढें उभ्या राहणाऱ्या आपल्यापैकीं कित्येकांनीं त्याचें उत्तर अद्याप दिलेलें नाहीं. बकरा चालतो व बैल चालत नाहीं, यास मला एकच नैतिक कारण दिसतें, आणि तें म्हणजे कृतज्ञता. ज्या बैलानें दहा-बारा वर्षें आपली बांधी नांगरली त्याला शेवटीं ताटांत घेऊं नये, ही शेतकऱ्याची भावना मला अतिशय आदरणीय वाटते. मात्र कृतज्ञतेला खर्च येतो. थकलेला बैल वैरण खातो, आणि ती वैरण शेतकऱ्याला एकट्यालाच आणावी लागते. शहरांत राहणारे आपण नुसती भावना बाळगतों. जी कृतज्ञता दुसऱ्याच्या गोठ्यांतून वसूल होते, तिला कृतज्ञता म्हणण्यास मन धजत नाहीं.

शिवाय जनावराशीं असलेला करार सर्वत्र एकच नसतो. १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग असलेल्या गडचिरोलींत, भामरागडच्या बाजूला, माडिया लोकांची जुनी रीत अशी, कीं गाईचें दूध काढावयाचें नाहीं. तें तिच्या वासराचें. इंद्रावतीपलीकडे बस्तरांत त्यांच्याच जातभाईंचा अभ्यास ग्रिगसन या अधिकाऱ्यानें केला. त्याच्या १९३८ सालच्या ग्रंथांत मृताच्या उत्तरक्रियेंत गुरें मारण्याचा विधि आलेला आहे. म्हणजे एक समाज प्रसंगीं जीव घेतो, पण वासराच्या तोंडचें दूध घेत नाहीं. दुसरा समाज जीव घेण्याचें नांव काढीत नाहीं, पण तें दूध रोज सकाळीं चहांत घालतो. दोघांपैकीं दयाळू कोण, हें ठरवण्याचा अधिकार दूध पिणाऱ्यालाच एकट्याला कसा मिळाला?

असो. आतां त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. माझ्या मतें खरा नैतिक प्रश्न तोच होता. गांधीजींनीं पोरवयांत चोरून मांस खाल्लें तेव्हां रात्रीं पोटांत बकरें ओरडत असल्याचा त्यांना भास झाला. पण पुढें तें प्रकरण त्यांनीं बंद केलें तें त्या भासामुळें नव्हे, आईबापांशीं खोटें बोलणें असह्य झालें म्हणून. यांतील मर्म मोठें आहे. मीं मुलाला लिहिलें, कीं शिजवावयाचें तर लपवूं नये, आणि शिजवल्याची फुशारकीही मारूं नये. आईला दुःख होईल. तें दुःख खरें आहे आणि तिच्याशीं वाद घालून तें जिंकावयाचें नसतें. तिच्या चुलीवर, तिच्या भांड्यांत, तिला नको असलेलें शिजवण्याचा हक्क मुलाला नाहीं. कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांच्या धर्मांत गोमांसाला मनाई नाहीं. तरी हिंदु शेजाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं तें वर्ज्य मानलें. शेजारधर्मानें आपण होऊन सोडलेलें आणि धाकानें सोडवलेलें, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

आणि तिसरी गोष्ट अशी, कीं ज्यानें एकदां हा तुकडा शिजवला त्यानें दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याचा हक्क कायमचा गमावला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना याच अन्नापायीं गांवकुसाबाहेर राहावें लागलें, त्यांचें ऋण त्याच्यावर चढलें. तें फेडल्यावांचून त्याची सुधारणा ही केवळ चैन. मी स्वतः मांस खात नाहीं. पण न खाण्यानें हें ऋण मला चुकतें असें समजण्यास आधार नाहीं. उलट माझ्या न खाण्याला समाजानें आजवर जो फुकटचा मान दिला, त्या मानाचा हिशेब माझ्याच नांवावर आहे.

तात्पर्य, काय खाल्लें याचा निवाडा ज्यानें त्यानें आपल्या विवेकाशीं, आपल्या आईशीं आणि त्या मुक्या जनावराशीं करावा. समाजाचा प्रश्न याहून लहान, पण अधिक तातडीचा आहे. भवभूतीच्या आश्रमांत वसिष्ठाचें आणि जनकाचें पान निरनिराळें होतें. तरी एकमेकांचें पान पाहून कोणी आसन सोडून उठला नाहीं. तेवढी रीत आपल्या घरांत, शाळांत आणि पंक्तींत आली, तर ताटांतील प्रश्न ताटांत राहील, आणि माणसापर्यंत पोचणार नाहीं.