वाचलेल्या मटणाचा हिशेब

कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी अंबाबाईचा उपवास धरणारी घरं सोडली, तर बाकीच्यांना त्या दिवशी पांढऱ्या-तांबड्याला मोकळीक असते. आणि आम्हा कॅथलिकांचा प्रायश्चित्तकाळ, ज्याला घरात सगळे सरळ ‘लेंट’च म्हणतात, सुरू होतो तो बुधवारी. त्या राखेच्या बुधवारी मांस वर्ज्य, आणि पुढचे सगळे शुक्रवार वशाट बंद. रोममध्ये नियम करणाऱ्यांना कोल्हापूरचे वार ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण घाव अगदी वर्मावर बसला आहे. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर चढला म्हणून या गावात लोक रस्त्यावर उतरले होते. त्या गावात शुक्रवार कोरडा काढायचा, म्हणजे आपण काहीतरी मोठं सोडतो आहोत, असं वाटून घ्यायला आम्हाला फारसं काही लागत नाही.

शेजारी मात्र हसतील, आणि ते बरोबरच असेल. चर्चचा आजचा नियम बघा. वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्यांनी राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी मांस खाऊ नये. १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांनी त्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, म्हणजे अख्ख्या काळात दोनच दिवस, उपवास करावा. त्या उपवासातही एक पोटभर जेवण चालतं आणि शिवाय दोन वेळा थोडंथोडं खाल्लेलं चालतं. पर्युषणात नुसत्या पाण्यावर राहणारं जैन कुटुंब कोल्हापुरात गल्लोगल्ली आहे. रमजानमध्ये थुंकीही न गिळण्याइतकी काळजी घेणारी माणसं आहेत. निर्जला एकादशी करणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. या सगळ्यांपुढे आमचा उपवास म्हणजे बरं जेवण झालं. निग्रहाच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं, तर कॅथलिक माणूस या गावात पहिल्याच फेरीत बाद.

नियम इतका सैल कसा झाला, यामागे विचार होता. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी ‘पेनितेमिनी’ हा आदेश काढून उपवासाची जुनी चौकट बरीच मोकळी केली. पोटावरची सक्ती कमी करायची आणि त्या जागी प्रार्थना आणि परोपकार वाढवायचा, असा तो व्यवहार होता. यातली पहिली अर्धी बाजू लोकांनी ताबडतोब अमलात आणली. दुसऱ्या अर्ध्या बाजूचं काय झालं, हे प्रत्येक पॅरिशने स्वतःला विचारावं.

मासळीचं तर विचारूच नका. मांस बंद, पण मासे चालतात. भूमध्य समुद्राच्या काठी मांस हे सणासुदीचं आणि मासळी ही साध्या माणसाची, तेव्हा या भेदाला अर्थ होता. कोल्हापुरात मासळी कोकणातून घाट चढून येते आणि चांगली सुरमई कित्येकदा मटणाच्या भावाला मागे टाकते. म्हणजे नियमाला धरून शुक्रवारी सुरमईचं कालवण ओरपणारा माणूस प्रायश्चित्त करतो, आणि उरलेल्या पाव किलो मटणात चार माणसांचं भागवणारी बाई नियम मोडते. मी नियमाची चेष्टा करत नाही. एकाच दिवशी सगळ्यांनी एकच गोष्ट सोडण्यात एक ताकद असते, आणि ‘मला जमेल ते मी सोडेन’ म्हटलं की ती जाते. पण ताटातल्या पदार्थाकडे बघून लेंट झाला की नाही, हे ठरवता येणार नाही, एवढं कोल्हापूरच्या मासळीबाजारात उभं राहिलं की कळतं.

लेंटच्या तयारीचा प्रश्न इथून सुरू होतो.

कोल्हापुरात ‘ख्रिस्ती’ म्हटलं की लोकांना आठवतं मिशन कंपाउंड. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले, आणि त्यांच्या नावाचं चर्च आजही गावाची खूण आहे. शाहू महाराजांनी जातीजातींसाठी वसतिगृहं उभी करवली, त्यांत १९१५ चं इंडियन ख्रिश्चन वसतिगृहही होतं. ही सगळी परंपरा प्रॉटेस्टंट. त्यांच्या जुन्या प्रेस्बिटेरियन वळणात कपाळाला राख लावणं वगैरे नव्हतंच. कॅथलिक इथे त्यामानाने थोडे, आणि पुष्कळसे बाहेरून आलेले: गोवा, वसई, मंगळूर, केरळ. कॉन्व्हेंट शाळा, दवाखाना, कारखाना, बदलीची नोकरी अशा वाटांनी आलेली घरं. २००५ पर्यंत कोल्हापूर पुणे धर्मप्रांतात होतं. त्या वर्षी सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत झाला आणि आमचे बिशप सावंतवाडीला आले. चंदगडकडचा भाग बेळगावकडे. एका जिल्ह्यातले कॅथलिक दोन बिशपांच्या हाताखाली, यावरूनच आमचा समाज किती विखुरलेला आहे, याची कल्पना यावी.

वसईत लेंटची तयारी करावी लागत नाही, ती होते. या काळात लग्नं लागत नाहीत, म्हणून आधीच्या आठवड्यांत लग्नांची घाई उडते आणि मग गाव एकदम शांत होतं. गोव्यात कार्निव्हल येऊन गेला की पोरालाही कळतं, आता दिवस बदलले. कोल्हापुरात राखेच्या बुधवारी संध्याकाळी मिस्सा आटोपून बाहेर पडावं, तर रस्त्यावर नेहमीचीच वर्दळ. कपाळावरची राख कुणाला खटकतही नाही. इथे अंगारा लावलेली कपाळं शेकड्यांनी दिसतात. फरक असेल तर एवढाच, की अंगारा माणसाला राखण्यासाठी असतो आणि ही राख, तू राहणार नाहीस, हे बजावण्यासाठी. तो फरक बघणाऱ्याला दिसत नाही. लावून घेणाऱ्यालाही दिसतोच असं नाही.

कालगणनेनेही आम्हाला एकटं पडू दिलेलं नाही. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे आमचा पवित्र सप्ताह पुष्कळदा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे जोतिबाच्या यात्रेला येऊन भिडतो. २०२३ मध्ये ६ एप्रिलला हनुमान जयंती आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता, आणि त्याच सुमारास रोजेही चालू होते. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार होळीच्या दिवशी आला. धुळवडीला मटणाच्या दुकानापुढे लागणाऱ्या रांगा तर बहुतेक दरवर्षी लेंटच्या पोटातच असतात. जोतिबाच्या वाडी रत्नागिरीला सासनकाठ्या नाचत असताना आणि डोंगर गुलालाने माखलेला असताना खाली शहरात शंभरेक माणसं क्रूसाची वाट चालत असतात. मला हे दृश्य आवडतं. त्यात आमच्यावर कसलाही अन्याय नाही.

पण एवढ्या गजबजाटात छोट्या पॅरिशचा लेंट आपसूक घडत नाही, तो घडवावा लागतो. म्हणून पंधरवडाभर आधी बैठक होते. गेल्या वर्षीच्या झावळ्या घराघरांतल्या क्रूसामागून काढून आणायला सांगतात, त्यांचीच राख होते. क्रूसाची वाट कोणत्या शुक्रवारी कोणत्या वाड्याने चालवायची, मराठी मिस्सा कधी, इंग्रजी कधी, पापनिवेदनासाठी बाहेरून फादर कधी येणार, गायनवृंदाचा सराव कुठे, हे ठरतं. कारितास इंडियाच्या लेंट मोहिमेची पाकिटं वाटायची असतात. आणि मग, विशेषतः तरुणांत, या वर्षी काय सोडायचं याची चर्चा होते. चहा, गोड, मोबाइल, मालिका.

माझा आक्षेप या शेवटच्या प्रश्नाला आहे. ‘काय सोडणार?’ हा प्रश्न मध्येच थांबतो. चहा सोडला, तर तो चहा कुणाला मिळाला? मोबाइल बंद ठेवला, तर ती संध्याकाळ कुणाच्या वाट्याला आली? याचं उत्तर नसेल तर सोडणं ही स्वतःशी खेळलेली पैज उरते. पैज जिंकली की अंगावर मूठभर मांस चढतं, आणि हरली की ईस्टरपर्यंत चुटपुट. दोन्हींत मधोमध आपणच.

फार जुनी एक शिकवण या बाबतीत अगदी व्यवहारी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाण्यावर राहावं, एरवी जेवणावर किती खर्च झाला असता याचा हिशेब करावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. एवढंच. यात भूक ही अर्धीच गोष्ट आहे, हिशेब ही दुसरी. मांस सोडल्याने वाचलेले पैसे शुक्रवारी घरातच राहिले आणि रविवारी त्यांचंच दुप्पट मटण आलं, तर हर्मासच्या हिशेबाने उपवास झालाच नाही. चार माणसांच्या घरात एका शुक्रवारचे किती वाचतात, हे कोल्हापूरच्या कुठल्याही गृहिणीला विचारा, ती बोटांवर सांगेल. अशी पन्नास घरं धरली आणि सात शुक्रवार धरले, तर होणारी रक्कम पाकिटातल्या शंभराच्या नोटेहून पुष्कळ मोठी असते.

ती जावी कुठे? बायबलमधल्या यशयाच्या ५८ व्या अध्यायात संदेष्टा उपवास करणाऱ्यांना जे सुनावतो, ते कोल्हापुरात वाचताना अंगावर येतं. उपवासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना पिळून काढता, हा त्याचा आरोप आहे. लेंट पडतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, गळीत हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात. दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घेऊन बीडकडून आलेली जोडपी, ज्यांना दोघांना मिळून एकच ‘कोयता’ मोजतात, या वेळी पंचगंगेच्या खोऱ्यात फडाच्या कडेला कोप्या बांधून राहत असतात. त्यांची पोरं शाळेबाहेर असतात. आम्ही लेंटमध्ये साखर सोडतो, पण ती साखर कुणाच्या कंबरेवर उभी आहे, हे आमच्या क्रूसाच्या वाटेवरच्या चौदा ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी येत नाही. यायला हवं. तिथे पडलेला माणूस तीनदा उठतो, आणि त्याचं ओझं उचलायला वाटेवरच्या परक्या माणसाला धरून आणावं लागतं.

यावर तीन हरकती निघतात. पहिली मत्तयच्या सहाव्या अध्यायातली: दान गुप्त असावं, डाव्या हाताला कळू नये. मग पॅरिशने हिशेब कसा मांडायचा? मला वाटतं, गुप्त ठेवायचं ते देणाऱ्याचं नाव. रकमेवर आणि ती कुठे गेली यावर पडदा टाकायचं कारण नाही. पेटीत कुणी किती टाकले हे विचारू नये, पण पेटीत किती जमले आणि त्यांचं काय झालं, हे वेदीवरून वाचून दाखवावं.

दुसरी हरकत अधिक अवघड. आज ख्रिस्ती हात कोपीवर काही घेऊन गेला की बघणाऱ्याच्या मनात धर्मांतराची शंका येते. या शंकेवर रागावून उपयोग नाही, आणि तिला भिऊन घरात बसणंही बरं नाही. आपलं नाव बाजूला ठेवता येतं. कोल्हापुरात वीटभट्ट्यांवरच्या आणि ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी काम करणारी ‘अवनि’सारखी संस्था आहे, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. आपल्या बॅनरशिवाय, आपल्या प्रार्थनेशिवाय, त्यांना जे लागतं ते त्यांच्या मार्फत द्यावं. देताना स्वतःचं नाव सोडणं हा मोबाइल सोडण्याहून कठीण त्याग आहे, आणि तो समाजाने मिळून करायचा आहे.

तिसरी हरकत आमच्यातल्या वडीलधाऱ्यांची, आणि ती मला पूर्ण खोडता येत नाही. ते म्हणतात, लेंट म्हणजे समाजकार्याचा पंधरवडा नव्हे. माणूस आधी गुडघे टेकतो, आपली पापं आठवतो, मग बाकीचं. योएल संदेष्टा वस्त्रं नव्हे, हृदय फाडायला सांगतो, आणि हृदय फाडण्याची पावती देता येत नाही. खरं आहे. ज्याने कधी पापनिवेदनाच्या रांगेत उभं राहून घसा कोरडा पडल्याचा अनुभव घेतला आहे, त्याला हे समजावून द्यावं लागत नाही. मी इतकंच म्हणेन की या पिढीत आमच्या पॅरिशांतून पश्चात्तापाचे शब्द कमी झालेले नाहीत, ते पुष्कळ आहेत. कमतरता आहे ती दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची. २०१५ च्या लेंटच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी बेपर्वाईवर बोट ठेवलं होतं. बेपर्वा माणूसही प्रार्थना मन लावून करू शकतो, हीच तर त्यातली अडचण.

आता वेळापत्रकाची एक साधी गोष्ट. आमच्याकडे लेंटची पेटी उघडते ती शेवटी, गुड फ्रायडेला किंवा ईस्टरनंतर. तोवर मार्च सरत आलेला असतो, कधी एप्रिल उजाडलेला असतो. कारखान्यांचे पट्टे पडत जातात, फड रिकामे होतात, कोप्या मोडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परतीला लागतात. ईस्टरला मोजलेले पैसे ज्यांच्यासाठी म्हणून जमवले, ती माणसं तेव्हा गावात नसतात. म्हणून हिशेब राखेच्या बुधवारच्या आधी व्हावा लागेल: किती घरं, किती शुक्रवार, एका घराचे किती. शाळेला वह्या हव्यात की शिक्षकाचं मानधन, हे जानेवारीत जाऊन विचारून यावं लागेल. आणि पहिल्या शुक्रवारचे पैसे पहिल्याच आठवड्यात पोचते करावे लागतील. जानेवारीतली पॅरिश कौन्सिलची बैठक बहुधा नाताळच्या जमाखर्चातच संपते. तिच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय वाढवायला फादरांची परवानगी पुरेशी आहे, बिशपांना विचारायला सावंतवाडीला जाण्याची गरज नाही.