आरोपीची बाजू मांडताना

गेल्या पावसाळ्यात रविवारच्या मिस्सानंतर एका मातेने आम्हांला थांबवून विचारले, "फादर, मुलगा वकिली शिकतोय. उद्या एखाद्या खुन्याचं वकीलपत्र त्यानं घेतलं, तर ते पाप ठरेल का हो?" आम्ही घाईत होतो. "सत्य सोडू नको म्हणावं," असे काहीसे बोलून पुढे निघालो. ते उत्तर धड नव्हते, ही टोचणी मात्र मनास लागून राहिली.

हा प्रश्न खानदेशाला परका नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागण्यास आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांचे ऐकून घेण्यास तो जमाव थांबला नाही. पुढे २०२४ साली धुळ्याच्या सत्र न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. परंतु त्याआधी याच आरोपींची बाजू वकिलांकरवी ऐकली गेली. जे त्या पाच जीवांना नाकारले गेले, ते त्यांच्या मारेकऱ्यांनाही द्यावे लागते. हे पचविणे कठीण आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

पवित्र शास्त्रातील सुसान्नेची कथा वाचकांस ठाऊक आहेच. दानिएलने दोघा वडिलांना वेगळे करून, कोणत्या झाडाखाली पाहिले, एवढेच विचारले. उत्तरे जुळली नाहीत आणि ती वाचली. याला आजच्या भाषेत उलटतपासणी म्हणतात. मात्र दानिएलला देवाची प्रेरणा होती. आपल्या वकिलाला समोरचा माणूस दोषी की निर्दोष, हे बहुधा कळत नाही. म्हणूनच भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात, की आरोपीच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा. कारण पुरेशा पुराव्याविना कोणालाही शिक्षा होऊ नये, या कायद्याशी त्याची निष्ठा असते.

आमच्या मते मोठे पाप निराळेच आहे. नाशिकच्या एका खटल्यात २००६ साली भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी सुनावली गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच दिली. २०१९ साली त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रमुख साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतेच चौघे ओळखले होते. त्याचा पाठपुरावाच झाला नव्हता. तोवर सोळा वर्षे उलटली होती! अशी नोंद शोधणे, दोषारोपपत्राचे पान न् पान वाचणे, कारागृहात जाऊन अशिलाला भेटणे, तो पावरी किंवा अहिराणी बोलत असेल तर त्याच्या भाषेत समजून घेणे, ही कामे कंटाळवाणी असतात. गरिबाचा वकील ती टाळतो आणि नुसती तारीख घेतो, तेव्हा कोणाला दिसत नाही. कर्तव्य न करण्याचे पापही आपण मिस्सामध्ये कबूल करतोच की.

आणि अशिलाने गुन्हा कबूल केला तर? त्याचे गुपित वकिलाने राखावे. ती गुप्तता कायद्यालाही मान्य आहे. पुरावा पारखण्याचा अधिकारही उरतो. परंतु खोटा साक्षीदार उभा करणे, किंवा दुसऱ्या निरपराध माणसावर संशय ढकलणे, ही मर्यादा त्याने ओलांडू नये. प्रायश्चित्त संस्कारातील गुप्ततेशी याची तुलना होते, पण ती थोडीच. आमच्या ओठांवरील मुद्रा कशानेही तुटत नाही. वकिलाची गुप्तता मात्र पुढच्या गुन्ह्यासाठी झालेल्या बोलण्याला लागू होत नाही.

त्या माता परवा पुन्हा भेटल्या. आम्ही एवढेच म्हणालो, की सुट्टीत मुलाला घेऊन या. त्याच्याशी निवांत बसून बोलायचे आहे.