पहिल्या वाक्यात प्रेत

रहस्यकथालेखनाच्या कार्यशाळांना सध्या बरे दिवस आले आहेत. अशाच एका कार्यशाळेत एका नावाजलेल्या लेखकाने ठणकावून सांगितलं की, पहिल्या वाक्यात प्रेत पडलं नाही तर वाचक हातचा गेलाच म्हणून समजा. समोरच्या होतकरूंनी ते वहीत उतरवून घेतलं. या गृहस्थांच्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. त्यांत पहिल्या ओळीत माणूस मरतो आणि तिसऱ्या प्रकरणात कादंबरी.

असले नियम काही आजचे नाहीत. कादंबरीची सुरुवात हवामानाने करू नका, असं एल्मोर लेनर्डने २००१ मध्ये लिहून ठेवलं. आता रेमंड चँडलरची ‘द बिग स्लीप’ (१९३९) उघडून पाहा. ऑक्टोबरचा मध्य, ऊन नाही, पावसाची चिन्हं. मग निवेदक मार्लोचा सूट, शर्ट, टाय, पार मोज्यांवरच्या नक्षीपर्यंत सगळा तपशील. प्रेताचा पत्ता नाही. तरी आपण पान उलटतो, कारण स्वतःच्या कपड्यांची अशी खवचट नोंद ठेवणारा माणूस पुढे काय बघेल याची उत्सुकता लागते.

आणि आपले बाबूराव अर्नाळकर? हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाला गळ टाकून बसायची गरजच नव्हती. मुखपृष्ठावर झुंजार किंवा काळापहाड दिसला की वाचनालयातला वाचक आधीच गळाला लागलेला असे. तेव्हा पहिल्या वाक्याचं हे स्तोम कशाला? रहस्यकथा रचली जाते ती शेवटाकडून. सुरुवात नीट असली म्हणजे झालं.

इतकं म्हणून मी थांबलो असतो. पण रूथ रेंडल आडवी येते.

‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७) या तिच्या कादंबरीचं पहिलं वाक्य खुनी कोण, बळी कोण आणि खून का झाला, हे सगळं एका दमात सांगून मोकळं होतं. युनिस पार्चमन ही मोलकरीण. कव्हरडेल हे सुखवस्तू, पुस्तकांत रमणारं कुटुंब. आणि कारण काय, तर युनिसला लिहिता-वाचता येत नाही. रहस्यकथेने दोनशे पानं जपून ठेवायचं ते सगळं तिने दारातच वाटून टाकलं. ही युक्ती अगदीच नवी नव्हती. फ्रान्सिस आइल्सने १९३१ मध्ये ‘मॅलिस अफोरथॉट’च्या आरंभीच डॉक्टर बायकोचा खून करणार हे सांगून टाकलं होतं. पण आइल्सचा डॉक्टर पकडला जातो की नाही हा प्रश्न शिल्लक राहतो. रेंडल तर कारणही सांगते, आणि ते कारण इतकं विचित्र आहे की त्यावर विश्वास बसायला अख्खी कादंबरी वाचावी लागते.

त्या एका वाक्याने मग घरातला प्रत्येक कागद स्फोटक होतो. मालकीणबाईंनी ठेवलेली सामानाची चिठ्ठी ही एरवी किती क्षुल्लक गोष्ट! इथे ती युनिसच्या हातात पडली की आपला जीव वरखाली होतो. घरातल्या कुणालाही हे ठाऊक नाही, फक्त तिला आणि आपल्याला. तिचं गुपित फुटू नये असं वाटायला लागतं, म्हणजे आपण नकळत खुन्याच्या बाजूला जाऊन बसतो. चौघांच्या मरणाची खबर आधीच कळलेली असताना लेखिकेने वाचकाचे हे हाल करावेत! पुढे क्लोद शाब्रोलने १९९५ मध्ये यावर ‘ला सेरेमोनी’ हा चित्रपट केला. उत्तम चित्रपट. पण त्याने ती कबुली सुरुवातीला दिली नाही, आणि माझ्या मते तिथेच रेंडलची धार थोडी गेली.

म्हणजे पहिलं वाक्य महत्त्वाचं आहेच. मघाचा माझा ‘कशाला’ मागे घ्यावा लागतो. मात्र कार्यशाळावाले म्हणतात त्या कारणासाठी नाही. अगाथा ख्रिस्तीच्या ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ची (१९२६) सुरुवात म्हणजे गावच्या डॉक्टरची कोरडी नोंद आहे: बाई कधी गेल्या, त्याला कधी बोलावणं आलं. तिथे प्रेत आहे, पण धक्का नाही. खुनी कोण ते शंभर वर्षांनंतरही मी सांगणार नाही. पुस्तक संपल्यावर मात्र ते पहिलं पान परत वाचा. त्या कोरडेपणाचा अर्थ तेव्हा लागतो. रेंडलचं वाक्य आणि ख्रिस्तीचं पान, दोन्ही शेवट पक्का ठाऊक असलेल्या हाताने लिहिलेली आहेत.

तेव्हा कार्यशाळावाल्यांना विनंती एवढीच, की शुल्क घेताच आहात तर पहिल्या दिवशी शेवटचं प्रकरण लिहून घ्या. प्रेत दुसऱ्या दिवशी पाडलं तरी चालेल.